विश्लेषण : कुलूप शाबूत, तरी गुपित बाहेर! ‘साइड चॅनल’ हल्ला म्हणजे नेमके काय?

हर्णे बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव सुरू झाला, की भाव लपवण्याचा प्रश्नच नसतो. टोपल्यांभोवती माणसांचे कडे पडते, बोली मोठ्याने लागते आणि सुरमई कितीला गेली हे शेजारी उभ्या असलेल्या पर्यटकालाही कळते. याच दापोली तालुक्यातला हापूस वाशीच्या बाजार समितीत पोहोचला, की चित्र बदलते. तिथे अडते आणि खरेदीदार रुमालाखाली एकमेकांचा हात धरून, बोटे दाबून पेटीचा भाव ठरवत आले आहेत. तिसऱ्याला आकडा दिसत नाही, ऐकूही येत नाही.

पण बाजारात मुरलेला माणूस रुमालाकडे बघतच बसत नाही. हात किती वेळ हातात राहिला, कोपर किती वेळा हलले, अडत्याच्या कपाळाला आठी पडली का, हे तो बघतो. रुमालाला भोक न पाडता त्याला भावाचा अंदाज येतो.

मोबाइलवरून पैसे पाठवताना, बँकेचे संकेतस्थळ उघडताना किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप धाडताना आपली माहिती ज्या एन्क्रिप्शनने झाकली जाते, तो असाच एक रुमाल आहे. आणि त्याच्याकडे न बघता कोपराकडे बघणाऱ्या हल्ल्यांना संगणकशास्त्रात ‘साइड चॅनल’ हल्ले म्हणतात. गेल्या तीस वर्षांत त्यांनी चिप कार्डांपासून मोबाइलच्या प्रोसेसरपर्यंत बहुतेक सगळ्यांची झोप उडवली आहे.

रुमाल कच्चा असतो का?

अजिबात नाही. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘एईएस’ या पद्धतीत किल्ली किमान १२८ बिटांची असते. म्हणजे शक्य किल्ल्यांची संख्या साधारण ३४ वर ३७ शून्ये इतकी. एकेक किल्ली लावून बघायची म्हटले तर जगातले सगळे संगणक जुंपूनही ते काम संपणार नाही. गणिताच्या बाजूने हे कुलूप भक्कम आहे.

अडचण अशी, की गणित कागदावर राहत नाही. ते कुठल्या तरी प्रोसेसरवर, कुणीतरी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधून चालते. प्रोसेसरला वेळ लागतो, तो वीज खातो, तापतो, बारीक आवाज करतो, रेडिओ लहरी सोडतो. यातली कोणतीही गोष्ट किल्लीनुसार थोडीशी जरी बदलली, तरी किल्लीची बातमी बाहेर गेली म्हणून समजा.

एक साधे उदाहरण घ्या. एखादे यंत्र चार आकडी पिन तपासते. प्रोग्रामरने सरळ विचार केला : पहिला आकडा बघा, चुकला तर लगेच ‘नाही’ म्हणा, बरोबर असेल तर दुसरा बघा. तर्क निर्दोष आहे. पण पहिला आकडा बरोबर असेल, तर यंत्राला नकार द्यायला किंचित जास्त वेळ लागतो. ज्याच्याकडे अचूक घड्याळ आहे, त्याने पहिल्या जागी ० ते ९ टाकून बघायचे. ज्या वेळी उत्तर उशिरा आले, तो आकडा बरोबर. मग दुसरी जागा, मग तिसरी. एरवी जास्तीत जास्त १० हजार प्रयत्न करावे लागले असते. आता ४० पुरतात. पिन तशीच आहे, तपासणीही बरोबर आहे, फक्त नकाराला लागणारा वेळ बोलला.

सुवर्णदुर्ग आठवतो तो इथे

हर्णेसमोर समुद्रात उभा असलेला आणि २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेला सुवर्णदुर्ग एप्रिल १७५५ मध्ये कमोडोर विल्यम जेम्सने तुळाजी आंग्रे यांच्याकडून घेतला. जेम्सने आधी समुद्राच्या बाजूने, म्हणजे पश्चिमेकडून तोफा डागल्या. तिथला तट बराचसा खडकातूनच कोरलेला, तो काही ढळेना. मग जहाजे बेट आणि हर्णेचा किनारा यांच्यामधल्या चिंचोळ्या पाण्यात घुसवली गेली आणि तिकडून मारा झाला. किल्ल्यात आग लागली, दारूकोठार उडाले. पश्चिमेचा तट शेवटपर्यंत शाबूत होता.

त्या मधल्या पाण्याला इंग्रजीत चॅनलच म्हणतात, हा निव्वळ योगायोग. पण किल्ला बांधणारा ज्या बाजूला सर्वाधिक दगड लावतो, शत्रू त्याच बाजूने येईल असे नाही, हे एन्क्रिप्शन लिहिणाऱ्यांना कळायला १९९६ साल उजाडावे लागले.

सुरुवात कुणी केली?

हेरखात्यांना हे आधीपासून माहीत होते. १९५६ च्या सुएझ पेचप्रसंगाच्या वेळी ब्रिटनच्या ‘एमआय-५’ने लंडनमधल्या इजिप्तच्या दूतावासातील संकेतयंत्राचा नुसता खडखडाट ऐकून त्याची मांडणी ओळखली होती. उघड संशोधनात मात्र हा विषय आणला पॉल कोचर या तरुण अमेरिकी तज्ज्ञाने. १९९६ मध्ये त्याने दाखवले, की ‘आरएसए’सारख्या पद्धतीत गुप्त किल्ली वापरायला लागणारा वेळ मोजूनच ती किल्ली काढता येते. कारण तेच. किल्लीचा बिट १ असेल तर संगणकाला एक गुणाकार जास्त करावा लागतो, ० असेल तर नाही.

१९९९ मध्ये कोचर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वेळेऐवजी वीज मोजली. चिप कार्डाने काम करताना किती वीज ओढली, याचे हजारो आलेख एकमेकांवर ठेवून सरासरी काढली, की गोंगाट गळून पडतो आणि किल्लीची खूण वर येते. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने चुंबकीय पट्टीची कार्डे बदलून चिपची कार्डे देण्यासाठी बँकांना ३१ डिसेंबर २०१८ ची मुदत दिली होती. तोवर अशा हल्ल्यांना तोंड देण्याची तरतूद हा बँकेच्या चिपचा आवश्यक भाग झाला होता.

हल्लेखोराला यंत्र हातात लागते का?

सुरुवातीला तशीच समजूत होती. कार्ड चोरणारा, यंत्राला तारा जोडणारा माणूसच हे करू शकेल, सर्व्हरला धोका नाही, असे मानले जाई. २००३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील डेव्हिड ब्रमली आणि डॅन बोने यांनी ते खोटे ठरवले. जगातल्या असंख्य संकेतस्थळांना सुरक्षित करणाऱ्या ‘ओपनएसएसएल’ या सॉफ्टवेअरला त्यांनी स्थानिक नेटवर्कवरून सुमारे दहा लाख प्रश्न विचारले, प्रत्येक उत्तराचा वेळ टिपला आणि दोनेक तासांत सर्व्हरची गुप्त किल्ली काढली. मग ओपनएसएसएलने एक बचाव कायमचा चालू केला : किल्ली वापरण्यापूर्वी आलेल्या संख्येला एका यादृच्छिक संख्येची फोडणी द्यायची आणि शेवटी ती काढून टाकायची. उत्तर तेच येते, पण वेळेचा आणि किल्लीचा मेळ बसत नाही.

२०१३ मधला प्रयोग याहून अचंबित करणारा. डॅनियल गेन्किन, अदी शमीर आणि एरान ट्रोमर यांनी लॅपटॉपच्या आतले विजेचे भाग काम करताना जो अतिशय बारीक आवाज करतात, तो ऐकून ‘ग्नूपीजी’ या सॉफ्टवेअरची ४०९६ बिटांची किल्ली तासाभरात मिळवली. चांगला मायक्रोफोन असेल तर चार मीटरवरून आणि शेजारी ठेवलेल्या साध्या मोबाइलनेही हे जमते, असे त्यांनी दाखवले. यातला शमीर म्हणजे ‘आरएसए’मधला ‘एस’. ज्याने कुलूप घडवले त्यानेच पुढे किल्लीची कुजबुज ऐकून दाखवली.

किराणा दुकान आणि कॅशे

आजचा सर्वांत मोठा साइड चॅनल मात्र प्रोसेसरच्या पोटात आहे. त्याचे नाव कॅशे.

गावातला किराणा दुकानदार काय करतो? नुकताच मागितलेला माल गल्ल्याजवळ ठेवतो, बाकीचा मागच्या कोठारात. प्रोसेसरही तेच करतो. मुख्य मेमरीतून माहिती आणायला वेळ लागतो, म्हणून नुकतीच वापरलेली माहिती तो जवळच्या छोट्या, वेगवान कॅशेमध्ये ठेवतो. आता समजा, तुमच्या आधी दुकानात कोण येऊन काय घेऊन गेले हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. दुकानदार तोंड उघडणार नाही. तुम्ही फक्त कोकम मागायचे. झटकन समोर आले, तर आत्ताच कुणीतरी कोकम नेले. पाच मिनिटे लागली, तर नाही.

एकाच प्रोसेसरवर चालणारा दुसरा प्रोग्राम एन्क्रिप्शनच्या सॉफ्टवेअरवर अशीच पाळत ठेवू शकतो. ते सॉफ्टवेअर किल्लीनुसार तक्त्यातल्या वेगवेगळ्या ओळी वाचत असेल, तर कोणत्या ओळी ‘गल्ल्याजवळ’ आल्या हे मोजून किल्ली उलगडत जाते. अमेरिकेतील डॅनियल बर्नस्टाइन यांनी २००५ मध्ये एईएसच्या बाबतीत हे करून दाखवले. क्लाउडमध्ये एकाच यंत्रावर अनेक कंपन्यांचे काम चालते, म्हणजे दुकान एक आणि गिऱ्हाईके परस्परांना अनोळखी. त्यामुळे प्रश्न सर्व्हर चालवणाऱ्या सगळ्यांचाच झाला.

३ जानेवारी २०१८ रोजी ‘स्पेक्टर’ आणि ‘मेल्टडाउन’ जाहीर झाले तेव्हा हे प्रकरण सर्वसामान्यांपर्यंत पोहोचले. गुगलच्या ‘प्रोजेक्ट झीरो’मधील यान हॉर्न, ऑस्ट्रियातील ग्राझ तंत्रविद्यापीठाचे संशोधक आणि पुन्हा एकदा पॉल कोचर यांच्यासह अनेकांनी ते स्वतंत्रपणे शोधले होते. वेग वाढवण्यासाठी प्रोसेसर पुढची आज्ञा काय असेल याचा अंदाज बांधून काम आधीच उरकून ठेवतो. अंदाज चुकला तर केलेले काम रद्द करतो. मात्र कॅशेमध्ये उमटलेली खूण पुसत नाही. दुकानदाराने तुम्ही मागाल म्हणून साखर काढून ठेवली, मग परत आत नेली. पण काट्यावर चार दाणे राहिले, तसे. हा दोष इंटेल, एएमडी आणि मोबाइलमध्ये असणाऱ्या एआरएम अशा तिन्ही घराण्यांच्या प्रोसेसरमध्ये कमी-अधिक प्रमाणात निघाला.

संकेतस्थळावरच्या जावास्क्रिप्टमधूनही स्पेक्टर शक्य आहे म्हटल्यावर ब्राउझर बनवणाऱ्यांनी एक मजेशीर उपाय केला. त्यांनी संकेतस्थळांना मिळणारे घड्याळ मुद्दाम ढोबळ केले. चोराला सेकंदाचा लाखावा भाग मोजता येत नसेल, तर त्याला कोपर हललेले दिसणार कसे? उपाय अपुरा होता, पण एका रात्रीत लाखो फोनवर पोहोचवता आला, हे महत्त्वाचे.

व्हॉट्सअ‍ॅपवरचा रुमाल तर पक्का आहे ना?

निरोप वाचता येत नाही, हे खरे. पण निरोप पोहोचल्याची दुसरी टिकमार्क परत यायला किती वेळ लागला, हे पाठवणाऱ्याला मोजता येते. व्हिएन्ना विद्यापीठातील संशोधकांनी २०२४ मध्ये दाखवले, की समोरच्याला कोणतीही सूचना न दिसेल अशा प्रकारे वारंवार संदेश पाठवून, पोचपावती येण्याच्या वेळेवरून त्याच्या फोनचा पडदा चालू आहे की बंद, अ‍ॅप उघडे आहे की नाही, याचा अंदाज बांधता येतो. त्यासाठी हल्लेखोराला फक्त मोबाइल नंबर लागतो. निळी टिकमार्क बंद केल्याने हे थांबत नाही, कारण ती वाचल्याची पावती आहे, पोहोचल्याची नव्हे.

एखादी बाई कधी झोपते, कधी उठते, फोन कधी हातात घेते, हे एन्क्रिप्शनला धक्का न लावता कुणाला कळत असेल, तर ‘आमचे संदेश पूर्ण सुरक्षित आहेत’ या वाक्यातल्या ‘पूर्ण’वर प्रश्नचिन्ह लावावेच लागेल.

मग सॉफ्टवेअर लिहिणारे काय करतात?

नियम ऐकायला सोपा आहे : गुप्त माहिती काहीही असो, प्रोग्रामने प्रत्येक वेळी तितकाच वेळ घ्यायचा, त्याच मार्गाने जायचे आणि मेमरीतल्या त्याच जागांना हात लावायचा. याला ‘कॉन्स्टंट टाइम’ लेखन म्हणतात. पिनच्या उदाहरणात पहिला आकडा चुकला तरी चारही आकडे तपासायचे आणि मगच नकार द्यायचा. यंत्र थोडे मंद झाले तरी चालेल.

पाळायला मात्र हा नियम अवघड आहे, कारण प्रोग्रामर आणि प्रोसेसर यांच्यामध्ये कंपायलर बसलेला असतो. त्याचे कामच मुळी वेग वाढवणे. ‘उगाच चारही आकडे कशाला तपासता’ असे ठरवून तो सावधपणे लिहिलेला भाग परत वेगवान आणि बोलका करून टाकू शकतो. भविष्यातल्या क्वांटम संगणकांपुढेही टिकावे म्हणून घडवलेल्या ‘कायबर’ या पद्धतीतही हेच घडले. अमेरिकेच्या ‘निस्ट’ संस्थेने ती ऑगस्ट २०२४ मध्ये प्रमाण म्हणून जाहीर केली. पण तिच्या नमुना सॉफ्टवेअरमध्ये गुप्त संख्येला भागण्याची एक पायरी कमी-जास्त वेळ घेते हे २०२३ च्या अखेरीस लक्षात आले, आणि २०२४ मध्ये ‘क्लँग’ हा कंपायलर त्याच सॉफ्टवेअरचा दुसरा भाग बोलका करतो हे उघड झाले. दोन्ही दुरुस्त झाले. पण ज्या गणिताला पुढची काही दशके टिकायचे आहे, त्याची गळती एका भागाकारातून व्हावी, हे या क्षेत्राचे वास्तव आहे.

मुंबईचा धागा

कॅशेची गळती प्रोसेसरमध्येच बंद करण्याच्या प्रयत्नांत मुंबईचा वाटा मोठा आहे. मुंबई विद्यापीठातून अभियांत्रिकीची पदवी घेतलेले मोईनुद्दीन कुरेशी आणि आयआयटी मुंबईत शिकलेले गुरुराज सैलेश्वर यांनी अमेरिकेतील जॉर्जिया टेकमध्ये ‘मिराज’ नावाची रचना २०२१ मध्ये मांडली. दुकानाच्या भाषेत सांगायचे, तर माल ठरलेल्या फळीवर न ठेवता कुठेही ठेवायचा आणि जागा करायची वेळ आली की सगळ्या दुकानातून कुठलीही एक वस्तू चिठ्ठी टाकून मागे न्यायची. मग तुमच्या कोकमामुळे कुणाची साखर हलली, हा हिशेब लागत नाही. किंमत अशी, की कॅशेला सुमारे २० टक्के जास्त साठवण लागते. पवईच्या आयआयटीतील अनुभव भाटला, नवनीत आणि बिश्वबंधन पांडा यांनी २०२४ मध्ये ‘माया’ ही रचना मांडून तीच सुरक्षितता कमी जागेत बसवण्याचा मार्ग दाखवला. प्रयोगशाळेतली रचना बाजारातल्या चिपमध्ये यायला वर्षे लागतात, येईलच याचीही खात्री नसते. वेग विकला जातो, न झालेली गळती विकता येत नाही.

तपासणी झालेले यंत्रही बोलते

सप्टेंबर २०२४ मध्ये फ्रान्समधील ‘निंजालॅब’च्या तोमा रोश यांनी ‘युबिकी ५’ या लोकप्रिय सुरक्षा किल्लीतून गुप्त किल्ली काढता येते हे जाहीर केले. दोष इन्फिनिऑन कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये होता : एक भागाकारी गणित नेहमी सारखाच वेळ घेत नव्हते. हल्ल्यासाठी किल्ली हातात घेऊन उघडावी लागते आणि महागडी उपकरणे लागतात, त्यामुळे घबराटीचे कारण नाही. पण हा दोष १४ वर्षे आणि सुमारे ८० उच्चस्तरीय सुरक्षा प्रमाणपत्रांच्या तपासण्यांतून निसटला होता. शिवाय या किल्लीचे आतले सॉफ्टवेअर नंतर बदलता येत नाही. ५.७ च्या आधीची आवृत्ती असलेली किल्ली दोषासहच राहणार.

हर्णेच्या बंदरावर याचा काय संबंध?

लिलावानंतर क्यूआर कोड पुढे करणाऱ्या मच्छी विक्रेतीच्या फोनवर कुणी कॅशे हल्ला करणार नाही, हे आधी स्पष्ट सांगायला हवे. तिला फसवायचे असेल तर ओटीपी मागणारा एक फोन पुरतो, आणि तेच रोज घडते. साइड चॅनलला कष्ट लागतात. ते कष्ट घेतले जातात ते बँकेचा सर्व्हर, क्लाउड, एखाद्या पत्रकाराचा किंवा अधिकाऱ्याचा फोन यांसाठी. पण त्या विक्रेतीचे पैसे त्याच सर्व्हरमधून जातात. बचाव तिच्या हातात नाही आणि नुकसान मात्र तिचे होऊ शकते.

काही बचाव यंत्रणेने आपणहून केले आहेत. आधारच्या पडताळणीसाठी अंगठा घेणाऱ्या जुन्या उपकरणांत ठशाचे एन्क्रिप्शन जोडलेल्या संगणकात किंवा फोनमध्ये होई. ‘एल-१’ दर्जाच्या नव्या उपकरणांत ते उपकरणातल्याच बंदिस्त सुरक्षित भागात होते. संगणकात शिरलेल्या प्रोग्रामला तिथल्या किल्लीपर्यंत पोहोचता येऊ नये, हा त्यामागचा हेतू. दुकान वेगळे केले, की शेजारच्या गिऱ्हाइकाला गल्ला दिसत नाही.

आपल्या हातात उरते ते अपडेट. ब्राउझरचे ढोबळ घड्याळ असो की कायबरची दुरुस्ती, सगळे फोनवर येते ते अपडेटमधूनच. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमध्ये जाऊन ‘अबाउट फोन’ आणि त्यातली अँड्रॉइड आवृत्ती उघडली, की सुरक्षा अपडेटची तारीख दिसते. ती वर्षभराहून जुनी असेल आणि नवे अपडेट येतच नसेल, तर कंपनीने त्या फोनचा नाद सोडला आहे. त्यावर गाणी ऐकावीत, बँकेचे अ‍ॅप दुसऱ्या फोनवर न्यावे. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये प्रायव्हसीच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ भागात अनोळखी खात्यांकडून येणारा संदेशांचा भडिमार अडवण्याचा पर्याय आहे, तो चालू करता येतो. घरात ज्याच्या फोनवर पेन्शन किंवा मासळीचे पैसे जमा होतात, त्याच्या फोनवरची ती तारीख आधी बघावी. बहुतेक घरांत तोच फोन सर्वांत जुना असतो.